लीलाताईंचं मीटर

लीलाताई गभणे यांनी पहिल्या भेटीत मला नमस्कार केला नाही. त्यांनी माझं मनगट धरलं.

नागपूरहून मौद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोखंडी तारा ओढणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. तिथे मी देखभाल विभागाचा इंजिनियर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. त्याआधी सात वर्षं एका तंत्रनिकेतनात मुलांना विजेचे विषय शिकवले होते, त्यामुळे आपल्याला वीज कळते असा माझा पक्का समज होता. पहिल्याच सकाळी एका उघड्या पॅनेलसमोर उभं राहून मी टेबलावरचं डिजिटल मल्टीमीटर उचललं, डायल व्होल्टवर फिरवली आणि दोन्ही सुया पुढे नेल्या. तेवढ्यात शेजारून एक लहानसा, रबरी हातमोजा घातलेला हात आला आणि माझं मनगट हवेतच थांबलं.

"थांबा जी साहेब. लाल वायर कुठं लावली हाये, पाह्यलं का?"

मी खाली पाहिलं. मीटरच्या तळाशी चार भोकं होती. काळी वायर तिच्या जागी होती. लाल वायर मात्र व्होल्टच्या भोकात नव्हती, दहा अँपिअरच्या भोकात होती. आदल्या दिवशी कुणीतरी करंट मोजून ती तशीच सोडून गेलं होतं. त्या भोकातून आत गेलेल्या विजेला जवळजवळ अडथळाच नसतो. तशा सुया मी चारशे व्होल्टच्या दोन टोकांना टेकवल्या असत्या, तर मोजमाप राहिलं बाजूला, माझ्या हातातच शॉर्ट सर्किट झालं असतं. हे मी फळ्यावर आकृती काढून शेकडो मुलांना शिकवलं होतं.

"डायल आपल्यासाठी असते साहेब," माझं मनगट सोडत त्या म्हणाल्या. "वीज डायल पाहत नाही, भोक पाहते."

मग त्यांनी लाल वायर काढून व्होल्टच्या भोकात लावली आणि मीटर माझ्या हातात दिलं. "काळी कधी घर सोडत नाही. लाल फिरस्ती हाये. तिच्यावरच ध्यान ठेवा लागते." एवढं बोलून त्या आपल्या कामाला लागल्या. मी त्यांचा साहेब होतो आणि वयाने वीसेक वर्षांनी लहान होतो. या दोन्ही गोष्टींचा त्यांच्या आवाजावर काही परिणाम झालेला दिसला नाही.

लीलाताई आमच्याकडे सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. उंची बेताची, अंबाडा घट्ट, चष्मा काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला. सलवार-कुडत्यावर खाकी शर्ट घालत. सकाळी आल्या आल्या हातातल्या बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र सगळं काढून जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवत. संध्याकाळी त्याच कप्प्यातून काढून घालत. मंगळसूत्र काढण्यावरून सुरुवातीला बायका कुजबुजायच्या. त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "माझा नवरा जिता राहावा म्हणून घालते, मी जिती राहावी म्हणून काढते." त्या या धंद्यात आल्या तेही गमतीनेच. आयटीआयमध्ये शिवणकामाच्या वर्गात जागा उरली नव्हती, म्हणून वडिलांनी नाराजीने वीजतंत्रीचा अर्ज भरला. अख्ख्या वर्गात ही एकटीच मुलगी. "शिवणकाम नाही शिकली ते बरं झालं," त्या म्हणत. पण मीटर ठेवायची पिशवी त्यांनी स्वतः, जुन्या गोधडीचा तुकडा कापून शिवली होती, आणि ती वाकडी होती.

त्या मीटरवर त्यांचा फार जीव. ते कारखान्याचं होतं, पण त्यांच्याशिवाय सहसा कुणी त्याला हात लावत नसे. त्यात शंभर आकडे साठवायची सोय होती. बटण दाबलं की मीटर टिक् करून आकडा, त्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ लक्षात ठेवी. दुसरं बटण दाबलं की जुने आकडे एकेक करून पडद्यावर येत. आमच्याकडच्या बहुतेकांना ही बटणं कशासाठी आहेत हेच ठाऊक नव्हतं. लीलाताई मात्र आकडा दिसला की बटण दाबत, मग तो मोठ्याने दोनदा उच्चारत आणि दिवसाच्या शेवटी सगळे आकडे वहीत उतरवत. उतरवून झाले तरी मीटरमधले पुसत नसत. शंभर भरले की मगच.

आणि बंद केलेली लाइन खरंच बंद आहे का हे पाहायची त्यांची एक रीत होती. आधी चालू असलेल्या सॉकेटवर मीटर लावून पाहायचं. मग बंद लाइनवर. मग परत त्या चालू सॉकेटवर. "आधी जित्यावर, मग मेल्यावर, मग पुन्हा जित्यावर," त्या म्हणत. मीटरने शून्य दाखवलं तर लाइन मेली आहे की मीटरच मेलं आहे, हे मधल्या एका शून्यावरून कळत नाही. घाई कितीही असो, आमचे प्लांट मॅनेजर डोक्यावर उभे असोत, ह्या तीन पायऱ्या होईपर्यंत लीलाताई कुणाला तारेला हात लावू देत नसत.

एरवीच्या बोलण्यातही त्यांना मोघम काही चालायचं नाही. "बस किती वाजता आली?" असं विचारलं तर "साडेआठले" म्हणणार नाहीत, "आठ अठ्ठावीसले" म्हणतील. एकदा मी म्हटलं, आज फार ऊन आहे. "किती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असेल पंचेचाळीस. त्या बाहेर गेल्या, मीटरला तापमान मोजायची तार जोडून सावलीत धरली आणि परत आल्या. "त्रेचाळीस पॉइंट दोन. उगाच पंचेचाळीस काहून म्हणता? घाबरते माणूस."

त्यांच्या मुलीच्या, रश्मीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. नागपूरच्या कडेला, बेसाच्या बाजूला एका लॉनवर लग्न होतं. प्रवेशाशी लोखंडी पाइपांची उंच कमान, तिला फुलं आणि दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या. वरात दारात आलेली, नवरदेव घोड्यावर, बँड ऐन रंगात. लीलाताई जांभळा शालू नेसून आरतीचं ताट घेऊन पुढे निघाल्या आणि कमानीपासून चार पावलांवर थांबल्या. कमानीला अंग घासताच एक कुत्रं चटकन बाजूला उडालं होतं. ते इतर कुणीच पाहिलं नव्हतं.

ताट त्यांनी शेजारच्या बाईच्या हातात दिलं. "रश्मीचे पप्पा, माझी पिशवी आणा जी."

त्यांचे यजमान जनार्दनराव, शाळेतून निवृत्त झालेले शिपाई, अत्यंत शांत गृहस्थ. त्यांनी एकही प्रश्न न विचारता गाडीच्या डिकीतून ती गोधडीची पिशवी आणली. मुलीच्या लग्नात आईने मल्टीमीटर सोबत ठेवलं होतं याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. लीलाताईंनी एक सुई कमानीला आणि दुसरी बोअरवेलच्या लोखंडी पाइपाला लावली. मी वाकून पाहिलं. एकशे अडुसष्ट व्होल्ट.

डेकोरेशनवाला हसला. "ताई, हे डिजिटल मीटर कशालेही आकडा दाखवते. भूत असते ते."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. असं मीटर इतकं हळवं असतं की जवळून नुसती तार गेली तरी कधीकधी त्यावर खोटे व्होल्ट दिसतात. लीलाताईंनाही ते ठाऊक होतं. त्यांनी पिशवीतून दोन वायरी जोडलेला साधा बल्ब काढला. "भूत असन तं हा लागणार नाही," त्या म्हणाल्या आणि वायरी त्याच दोन जागी टेकवल्या.

बल्ब लागला. अगदी लख्ख नाही, पण चांगला पिवळा. बँड आपोआप थांबला.

नवरदेवाचे वडील पुढे आले. त्यांना दूरून एवढंच दिसत होतं की नवरीची आई कमानीशी काहीतरी खेळ करते आहे. "बाई, मुहूर्त टळून राहिला. पोराले घोड्यावर किती वेळ बसवता?"

"बसू द्या जी," लीलाताई म्हणाल्या. "ह्या मुहूर्ताले नाही झालं तं पुढच्याले होईन. जावई दुसरा कुठून आणू?"

तेवढ्यात नवरदेवच घोड्यावरून उतरला. शाळामास्तर होता. फेटा सांभाळत तो कमानीपासून हातभर दूर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, आकडा पाहू द्या मले." लग्न लागण्याआधीच त्याने त्यांना आई म्हटलं, हे रश्मी अजून सांगते. माळेची एक वायर पाइपाच्या कडेला घासून सोललेली निघाली. ती कापली, पुन्हा मोजलं, शून्य आलं. शून्य आल्यावर लीलाताई मंडपातल्या चालू सॉकेटवर मीटर तपासायला गेल्या, तिथून परत येऊन कमान पुन्हा मोजली, आणि मगच ताट हातात घेतलं. वीस मिनिटं वरात उन्हात उभी होती. तेव्हा तोंड फुगवलेले व्याही आता प्रत्येक समारंभात हीच गोष्ट स्वतः सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात तो आकडा दरवर्षी थोडा वाढतो. लीलाताई दरवर्षी दुरुस्त करतात. "एकशे अडुसष्ट."

त्यांच्या वह्या मी पुढे पुष्कळ वाचल्या. एकदा जुना संदर्भ शोधताना एका पानावर ही नोंद दिसली: "५७. शून्य. खोटा. लाल वायर चुकीच्या भोकात राहिली होती. मीटरचा फ्यूज गेला. माझी चूक." खाली सही, तारीख.

मी त्यांना ते पान दाखवलं. मला वाटलं ओशाळतील. त्या चष्मा लावून शांतपणे वाचून म्हणाल्या, "हाव. माझ्याच हातानं झालं होतं."

"पण हे लिहिलं कशाला? फ्यूज बदलला असता, कुणाला कळलंही नसतं."

"आकडा पुसला असता तं चूक कुठं ठेवली असती साहेब? डोक्यातच राह्यली असती. वहीत ठेवली, मोकळी झाली."

मी तेव्हा हसलो. पुढच्याच पावसाळ्यात हे वाक्य माझ्या कामी आलं, आणि ते मला फारसं आवडलं नाही.

तारा धुण्याच्या टाकीला पाणी देणारा एक पंप होता. एका गुरुवारी त्याची मोटर जळाली आणि दीड दिवस ती लाइन बंद पडली. पंपावर धनराज नावाचा ऑपरेटर होता, चाळिशीचा, कंत्राटी, घरात दोन लेकरं. मोटर त्या आठवड्यात तीनदा आपोआप बंद पडली होती आणि तिन्ही वेळा धनराजने रिलेचं, म्हणजे मोटर तापली की वीज तोडणाऱ्या यंत्राचं, बटण दाबून ती परत सुरू केली होती. मॅनेजरांनी बैठक बोलावली. माझ्या विभागाचा सोमवारचा तक्ता समोर ठेवला. त्यात त्या मोटरच्या तिन्ही फेजमधले व्होल्ट चारशे दहा, चारशे दहा, चारशे दहा असे होते. "वीजपुरवठा उत्तम," ते म्हणाले. "म्हणजे हा ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उद्यापासून त्याला बंद करा." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.

लीलाताई बैठकीत नव्हत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या कानावर गेलं. डबा अर्धा टाकून त्या माझ्या केबिनमध्ये आल्या, दार लोटलं आणि मीटर माझ्यासमोर ठेवून बटण दाबत गेल्या.

"एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट. तारीख पाहा, वेळ पाहा."

सोमवार, सकाळचे दहा. चारशे अकरा. तीनशे शहाण्णव. तीनशे सत्त्याण्णव.

तीन फेजमध्ये एवढा फरक असला की मोटर आतून तापत जाते. कुठेतरी एक जोड ढिला किंवा जळका होता. ते सोमवारी सकाळीच दिसलं होतं.

"मी चिठ्ठी दिली होती तुम्हाले," त्या म्हणाल्या.

दिली होती. ती माझ्या टेबलाच्या खणात, दोन फायलींखाली होती. त्या सोमवारी मी घाईत होतो. मागच्या आठवड्याचा तक्ता उघडून फक्त तारीख बदलली होती. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. खण उघडून चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली.

त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. "धनराजनं तीनदा बटण दाबलं ते खरं हाये. पण मोटर काहून तापून राहिली, हे त्याले कसं समजन? ते आपलं काम. मीही चिठ्ठी देऊन मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी विचाराले पाह्यजे होतं. तेही मी वहीत लिहिलं."

मी चिठ्ठी उलगडली. तेच तीन आकडे होते.

"चार वाजता मॅनेजर साहेबांकडे जा लागते. तुम्ही सांगता का मी सांगू?"

"तुम्ही काय सांगाल?"

"आकडे दाखवीन. तक्ता कोणी टाइप केला, असं विचारलं तं सांगीन. नाही विचारलं तं नाही सांगणार."

मला कळलं की त्या मला एक वाट उघडी ठेवत होत्या. मॅनेजर कदाचित विचारणारही नाहीत. टंकलेखनातली चूक म्हणून भागूनही जाईल. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून काही मिनिटं झाली होती. मी पहिल्यांदाच नीट पाहिलं, दोन वाजून सतरा.

"मीच सांगतो," मी म्हटलं.

"मंग मी संगं येते," त्या म्हणाल्या आणि उरलेला डबा खायला गेल्या.

चार वाजता मी सगळं सांगितलं. सांगताना आवाज एकदा अडखळला, तेव्हा लीलाताईंनी मध्ये न बोलता मीटर पुढे सरकवलं. मॅनेजरांनी तिन्ही आकडे स्वतः बटण दाबून पाहिले, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले. पॅनेल उघडायला लावलं. आत तिसऱ्या फेजचा कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणारा धातूचा तुकडा, कोळशासारखा काळा झाला होता. धनराजची नोकरी राहिली. मला लेखी ताकीद मिळाली, आणि ती योग्यच होती.

लीलाताईंनी धनराजलाही सोडलं नाही. "काहून गा धनराज, तीनदा बंद पडली तं सांगता नाही आलं?"

"सांगतलं होतं ताई, तोंडी."

"तोंडी सांगतलेलं हवेत जाते. लिहून देत जा. लिहिता येते न तुले?"

दुसऱ्या दिवशी धनराजने घरून त्यांच्यासाठी आंबाडीची भाजी आणली आणि डब्याला चिकटवलेल्या कागदावर लिहिलं, "लीलाताईसाठी, धनराजकडून." त्यांनी तो कागद वाचून "हाव, असं," म्हटलं आणि भाजी आम्हा सगळ्यांना वाटली.

मला त्या पुढे त्या प्रसंगाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या सोमवारी चिठ्ठी न देता स्वतः येऊन उभ्या राहिल्या. एक आकडा सांगायच्या, मी टाइप करीपर्यंत थांबायच्या, मला तो वाचून दाखवायला लावायच्या, मग दुसरा. निवृत्त होईपर्यंत एकही सोमवार चुकला नाही. सुरुवातीला मला ती शिक्षा वाटे. नंतर नंतर मी त्या अर्ध्या तासाची वाट पाहू लागलो, कारण आकड्यांच्या मध्येमध्ये त्या रश्मीच्या सासरच्या, मौद्याकडच्या आपल्या भावाच्या धानाच्या, शेजारणींच्या गोष्टी सांगत, आणि त्याही तितक्याच नेमक्या असत.

त्यांच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, मॅनेजर बराच वेळ बोलले. लीलाताईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या माइकपाशी आल्या, आधी माइकच्या वायरीकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत आपल्या विभागात कोणी मेलं नाही. तसंच राहू द्या." आणि जागेवर जाऊन बसल्या. टाळ्या वाजायला थोडा वेळ लागला, पण मग बराच वेळ वाजत राहिल्या. सर्वांत मागे धनराज उभा राहून वाजवत होता.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी एका मित्राचा नवा फ्लॅट पाहायला बेसाला गेलो होतो. तिथे नव्या लेआउटमध्ये रस्ते झालेत, घरं अजून व्हायची आहेत. प्लॉटांच्या कडेला नुसते पांढरे दगड. अशाच एका दगडावर जनार्दनराव ऊन खात बसले होते, हातात सोललेलं संत्रं. मी गाडी थांबवली. काय करता इथे, असं विचारलं, तर त्यांनी एक फोड तोंडात टाकून हनुवटीनेच रस्त्याकडे दाखवलं.

लांबून एक लाल स्कूटी येत होती. वर हेल्मेट घातलेल्या लीलाताई, पाठ ताठ, कोपर बाहेर. वेग पायी चालणाऱ्यापेक्षा थोडाच जास्त.

"तिसरा दिवस हाये," जनार्दनराव म्हणाले. "म्हणते, आता मौद्याले भावाकडे बसनं नाही जाणार, गाडीनं जाईन. साठाव्या वर्षी. मी म्हटलं, जा बाप्पा."

"तुम्ही मागे बसता का?"

"पुढच्या महिन्यात बसीन म्हटलं."

आमच्यासमोरून जाताना त्यांनी मला ओळखलं. मी हात केला. "हात नाही सोडत जी साहेब, अजून जमत नाही!" त्या समोर बघतच ओरडल्या, आणि हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कारखान्यात कधी पाहिलं नव्हतं. मग रस्ता संपतो त्या टोकापर्यंत गेल्या. तिथून उजवीकडे वळायचं होतं. चारही दिशांना माणूस नव्हतं, गाडी नव्हती, दूर एक म्हैस तेवढी चरत होती. तरी त्या थांबल्या, उजवा दिवा लावला, तो दोनचारदा लुकलुकू दिला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि सावकाश वळून दिसेनाशा झाल्या.